पेटीच्या पायाखालची वाटी

६ एप्रिल

आज दोन वर्षांनी वही उघडली. लिहायची सवय ह्यांनीच लावली होती. पलटणीतून पत्र यायचं, त्यात दर वेळी एकच तक्रार. तू बरी आहेस एवढंच लिहितेस, दिवसभर काय केलंस ते लिही. सातवी शिकलेली बाई काय लिहिणार? मग मेढ्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणायला लागले, वाचता वाचता लिहायलाही लागले. हे गेले आणि सांगायला कुणी राहिलं नाही, म्हणून वही ट्रंकेत गेली.

आज लिहायला कारण आहे. हायस्कूलच्या मंगल मॅडम घरी आल्या होत्या. नववीच्या मुलींना सुट्टीत मधपेट्यांचं काम शिकवाल का, म्हणाल्या. शाळेत आता हातचा धंदा शिकवायचा असं वरून आलंय, पण शिकवणारं माणूस मिळत नाही. चहाला उकळी यायच्या आत मी हो म्हणून टाकलं.

ह्यांचं हेच म्हणणं होतं. पेन्शनीत आल्यावर गावातल्या बाकीच्या फौजींसारखी ह्यांनाही खंडाळ्याकडच्या कारखान्यात सिक्युरिटीची नोकरी चालून आली होती. हे म्हणाले, आयुष्यभर दुसऱ्याचं गेट राखलं, आता आपलं काहीतरी राखतो. आणि पेट्या आणल्या. शाळेवर तर त्यांचा रागच. प्रत्येक पोराचा हात वेगळा, डोकं वेगळं, आणि शाळा सगळ्यांना एकाच भांड्यात शिजवते, म्हणायचे.

शिवांजलीची बारावी नुकतीच संपली आहे. हे काम तिच्या हाती द्यायचं माझ्या मनात आहे. मुलींना मी शिकवीन, पण पुढं सगळं तिचं. घरचा धंदा, घरचं नाव, कुणाच्या दारात अर्ज घेऊन उभं राहायला नको. तिला सांगितलं तर ती नुसती "बरं" म्हणाली.

९ एप्रिल

सकाळी पेट्यांकडं जाऊन आले. घरामागच्या चढावर, जांभळीच्या सावलीत ओळीनं आहेत. प्रत्येक पेटी चार पायांच्या लाकडी घोडीवर, आणि प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. ह्यांनी माझ्या लग्नातल्या आहेराच्या स्टीलच्या वाट्या उचलून तिथं नेल्या, तेव्हा मी चांगलीच भांडले होते. हे म्हणाले, पाहुण्यांना करवंटीत वाढ, माश्यांना स्टीलच पाहिजे.

पहिल्या पेटीच्या एका पायाखाली आता खरोखरच करवंटी आहे. तिथली वाटी त्या दिवशी ह्यांच्या हाताशी पडलेली सापडली. पडताना पाय लागून उडाली असेल. मी ती घरी आणली, पण वापरात घेतली नाही. फडताळात पालथी आहे.

मी त्या दिवशी सांगलीला होते, भावाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला. शिवांजली दहावीच्या जादा तासाला. शेजारची म्हातारी मनुबाई शेळ्या घेऊन वर गेली तेव्हा तिला हे दिसले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. अंगावर माश्यांचे डंख होते, पण ते तर रोजचेच. मी पोहोचले तेव्हा पोर कोपऱ्यात गणवेशातच बसली होती. त्या गणवेशाला धुराचा वास येत होता. सरणाच्या धुराचा असेल म्हणून मी तो दुसऱ्या दिवशी धुतला. मुली स्मशानात जात नाहीत, पण त्या दिवशी सगळ्या घरालाच तो वास होता.

मरण काही कुणाला चुकलं नाही. मला एकच खुपतं. बर्फात पहारा केलेला माणूस आपल्याच घरामागं एकटा गेला. शेवटच्या घटकेला तोंडात पाणी घालायला कुणी नव्हतं. कुणाच्याही मातीला गेलं की बायका पहिलं हेच विचारतात, पाणी कुणी घातलं? मला कुणी विचारलं की मी खाली बघते.

१५ एप्रिल

वर्ग सुरू झाला. पाच मुली आल्या. एकीला माशी नुसती जवळून गेली तरी ती किंचाळते. एकजण धीट आहे, साक्षी नाव. तिला माश्यांपेक्षा पेटीतच रस. सांधा कसा बसवला, फळी कुठल्या लाकडाची, हेच विचारत होती. मी तिला म्हटलं, बाई, मध खायचाय का पेटी?

शिवांजली पायरीवरून पुढं आली नाही. मुलींची नावं लिहून घेतली आणि सगळ्यांना पाणी दिलं. हल्ली तिला एक खोडच लागली आहे. कुणालाही पाणी देताना ग्लास विसळते, उजेडात धरून बघते, पुन्हा विसळते, मग भरते. पावणेमंडळी ताटकळतात. विज्ञान शिकली की पोरींना असं होत असावं.

पेट्या बघितल्या की तिला वडील आठवत असतील. मला कळतं ते. पण लांब राहून दुःख कमी होत नाही, हात घातला की होतं. मी तसंच केलं. ह्यांच्या तेराव्यानंतर चौदाव्या दिवशी मी पेटी उघडली होती.

२२ एप्रिल

जेवताना शिवांजली म्हणाली की ती नर्सिंगची परीक्षा देऊन आली. साताऱ्याला मैत्रिणीबरोबर गेली होती ती त्यासाठी. मला वाटलं होतं, कपडे घ्यायला गेली.

मी रागावले नाही. नुसतं विचारलं, हे कुठून आलं डोक्यात? तर म्हणाली, "मला तेच करायचंय, आई." का, ते सांगेना. भाकरीचा तुकडा नुसता फिरवत बसली.

मी वाचलेलं तिला समजावून सांगितलं. प्रत्येक मुलाचा एक कल असतो, तो ओळखून त्याला वाढू द्यावं, तेच खरं शिक्षण. लहानपणी तू बापाच्या पाठीमागं पेट्यांपाशी कशी फिरायचीस, हाताच्या पंजावर माशी बसली तरी हलायची नाहीस. तुझा कल तो आहे. नर्स म्हणजे रात्रपाळ्या, दुसऱ्याचा हुकूम, दुसऱ्याची घाण. तिनं ऐकून घेतलं. माझं ताट उचललं, स्वतःचं उचललं आणि भांडी घासायला गेली.

आजकालच्या मुलांना आपल्याला काय आवडतं हेच कळत नाही. मैत्रिणी जातात तिकडं जातात.

२९ एप्रिल

आज पहिला मध काढला. जांभळीचा, काळपट, घशाला किंचित तुरट लागणारा. मंगल मॅडम मुलींना घेऊन आल्या होत्या.

सकाळी शिवांजली म्हणाली, मला अडचण आहे, मी वर येत नाही. मला फार वाईट वाटलं. ह्यांच्या पोरीनं असं बोलावं? गावात म्हणतात खरं, अडचणीतली बाई जवळ गेली की माश्या चवताळतात. हे हसायचे. म्हणायचे, पेटीत राणीच्या हाताखाली सगळा बायकांचाच कारभार, त्यांना कसला विटाळ? मी पहिल्याच दिवशी वर्गातल्या मुलींना ते सांगून टाकलंय. आणि घरचीच पोर मागं सरते! तिला हाताला धरून वर नेलं. मुलींसमोर सांगितलं, ही बघा, हिला अडचण आहे आणि ही मधाची चौकट धरणार आहे.

तिनं धरली. माश्या शांत राहाव्यात म्हणून गोणपाटाचा धूर मी देत होते. चौकट अगदी सरळ. मध बघून मुली हरखल्या.

मग त्या किंचाळणाऱ्या मुलीला मानेवर माशी डसली. ती रडायला लागायच्या आत शिवांजलीनं चौकट माझ्या हातात दिली, तिला लांब नेऊन सावलीत बसवलं, नखानं खरवडून काटा काढला. चिमटीत धरू नये, विष आत जातं, हे ह्यांनी शिकवलेलं तिच्या लक्षात होतं. नंतर त्या मुलीचं मनगट धरून बसली आणि पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "घसा आवळतोय का? जीभ जड वाटती? खरं सांग, लपवू नगंस." तिचे ओठ बघत होती, डोळे बघत होती. मुलीचं रडं थांबलं तरी मनगट सोडीना. मंगल मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, पोरगी भारीच आहे हो तुमची.

मला इतका अभिमान वाटला! हे असते तर म्हणाले असते, धंदा हिच्या रक्तात आहे.

मुली गेल्यावर शिवांजलीला गोठ्यामागं उलटी झाली. उपाशीपोटी उन्हात उभी होती, म्हणून असेल. लिंबू-पाणी दिलं.

८ मे

निकाल लागला. चांगले गुण आहेत. सांगलीहून दिग्विजयचा, माझ्या भावाचा, फोन आला. तिला इकडं नर्सिंगला पाठव, आम्ही आहोत, म्हणाला. मी म्हटलं, तिचं ठरलंय. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की ती दारातच उभी होती.

२ जून

मेढ्याच्या पेंटरकडून फळी रंगवून आणली. "शिवांजली मधुपालन व प्रशिक्षण केंद्र." अक्षरांना पिवळा रंग. दाराशी टांगली. तिला हाक मारून दाखवली.

बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "माझं नाव कशाला घातलंस, आई? बाबांचं घालायचं."

मला भरून आलं. किती माया आहे पोरीला बापाची.

१० जुलै

पाऊस हटायचं नाव नाही. बाहेर फूल नाही, माश्यांना साखरेचा पाक घालावा लागतो. शिवांजलीचा हात बसावा म्हणून ते काम मी तिच्याकडंच दिलंय. रोज पेटी उघडायची, पाक ठेवायचा, राणी दिसते का बघायचं. ती न चुकता जाते. येते तेव्हा अंगावर नखशिखांत पाणी, चेहरा पांढरा. जेवण कमी झालंय. पावसात सगळ्यांचंच होतं.

आज एक पेटी रिकामी निघाली. माश्या घर सोडून गेल्या. सारखं सारखं उघडून बघितलं की जातात, हे ह्यांनी मला सांगितलेलं होतं. तरी मीच तिला रोज उघडायला लावत होते. तिनं रिकाम्या चौकटी धुऊन वळचणीला लावल्या. एवढ्या दिवसांत आज पहिल्यांदा मला तिचा चेहरा हलका दिसला. मला मनातून राग आला. एवढी वसाहत गेली आणि पोरीला काहीच नाही?

५ ऑगस्ट

सांगलीच्या नर्सिंगच्या यादीत तिचं नाव आलं. मला न सांगता तिनं पुढचंही सगळं केलं होतं. फोन माझ्यापुढं धरला. हात ओला होता, फडक्याला पुसून पुन्हा धरला.

मी नको म्हटलं. चांगलं नाही बोलले. म्हणाले, "बाप तुझ्यासाठी हे मागं ठेवून गेला आणि तू लोकांची अंथरुणं बदलायला चाललीस?"

ती म्हणाली, "बरं."

तेवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं. फोन फडताळावर ठेवला आणि पाक करायला साखर मोजून घेतली.

मग मला झोप म्हणून लागली नाही. मी वाईट आहे का? तिच्या वयाच्या पोरी नोकरीसाठी पुण्याला जातात आणि एका खोलीत सहाजणी राहतात. तिला हातात आयतं मिळतंय. आणखी एक लिहिते, हे कुणी वाचणार नाही म्हणून. ती सांगलीला गेली तर संध्याकाळी मी दिवा कुणासाठी लावायचा?

११ ऑगस्ट

मनुबाई आली होती. पाऊस थांबला होता. आत ये म्हटलं तर उंबऱ्यातच बसली. शिवांजली आत पाक ढवळत होती, तिच्याकडं एकदा बघितलं आणि मला म्हणाली, चल, जरा गोठ्याकडं ये.

तिथं उभ्यानंच बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते.

"अंजना, पोरीला त्या पेट्यांकडं धाडू नगंस. रोज तिथनं उतरती आन् माज्या शेळ्यांत बसून रडती. मला आता बघवंना."

मी म्हटलं, बापाची आठवण येत असेल.

"ती त्या दिवशी साळंत नव्हती. बापाबरं वर व्हती. त्यानंच नेली व्हती, मध बघायला, तास बुडवून. माश्या डसल्या तसा त्याचा गळा सुजला, श्वास घावंना. पोर पळत माज्याकडं आली. मी वर गेले तवा समदं झालं व्हतं. मला म्हणली, आजी, मला अडचण हाय, माज्यामुळं माश्या चवताळल्या. मी म्हणलं, गप. हे कुणाफुडं बोलू नगं, गाव तुला जगू द्यायचं न्हाई. उठ, साळंत जा, आन् निरोप आला की तितनंच घरी ये. मीच तिचं तोंड शिवलं, बाय."

मनुबाईचा राग यायला हवा होता. आला नाही. तिनं तिच्या समजुतीनं पोरीला गावापासून वाचवलं, आणि गावात तसंच बोलले असते हे मलाही माहीत आहे. मला फक्त त्या एप्रिलातला दिवस दिसत होता. मी तिला हाताला धरून त्याच पेटीपाशी उभी केली आणि मुलींना मोठ्यानं सांगितलं, हिला अडचण आहे.

आत गेले. ती पातेल्यात चमचा फिरवत उभी होती. मी गॅस बंद केला. म्हटलं, "सांगलीला कवापर्यंत हजर व्हायचंय?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "गुरुवारपर्यंत."

"बॅग भर."

१४ ऑगस्ट

सांगली. दिग्विजयच्या घरी बसून लिहिते आहे.

निघताना मनुबाई भेटायला आली आणि तिला कवटाळून इतकी रडली की पोरीला कळायचं ते कळलं. एसटीत साताऱ्यापासून कराडपर्यंत आम्ही दोघी खिडकीतून ऊस बघत होतो. कराडला तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. झोपली नव्हती.

कॉलेजात कागद बघून झाले. वसतिगृहाच्या व्हरांड्यात पाण्याची टाकी आहे, नळाला साखळीनं ग्लास बांधलेला. मला तहान लागली होती. तिनं ग्लास घेतला, विसळला, उजेडात धरला, पुन्हा विसळला. भरून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आई, बाबांना पाणी मी पाजलं व्हतं."

मी ग्लास दोन्ही हातांनी धरला.

"पेटीखालची वाटी घेतली. दुसरं पाणीच नव्हतं. मुंग्या व्हत्या त्यात. बोटानं काढल्या, पण सगळ्या निघाल्या न्हाईत. घाण पाणी व्हतं, आई."

मला विचारायचं होतं, बाळा, दोन वर्षं तू हे कुठं ठेवलंस? तोंडातून निघालं ते वेगळंच. "प्यायले?"

"व्हय. दोन घोट. मग हातानंच म्हणले, जा, कुणाला तरी बोलव."

हातातलं पाणी मी सगळं प्याले. मग तिला जवळ घेतलं. म्हटलं, माश्यांना कसला विटाळ गं, तुझे बाबाच म्हणायचे. तुझ्यामुळं काही झालं नाही. एवढं सांगायला मला दोन वर्षं लागली, आणि ते तिला पटलं की नाही, मला सांगता येत नाही. ती म्हणाली, "आज तसं घडलं असतं तर काय करायचं ते मला ठावं असतं. एक सुई असती. वेळेवर दिली की माणूस वाचतं."

वसतिगृहाच्या बाई आल्या. आईंनी आता निघावं, म्हणाल्या.

३० ऑगस्ट

घर मोठं झाल्यासारखं वाटतं. दिवा लावते. स्वतःसाठीच लावायला शिकते आहे.

दाराची फळी उतरवली. मंगल मॅडम मुलींच्या पुढच्या वर्गाबद्दल विचारायला आल्या होत्या. मी म्हटलं, घेऊ या, पण आधी प्रत्येकीला एकटं बसवून विचारू, तुला काय हवंय, आणि तिचं उत्तर येईपर्यंत आपण गप्प बसू. मला ते जमलं नव्हतं. साक्षीला विचारलं तर म्हणाली, मला माश्या नकोत, मला पेट्या बनवायच्यात. सुतारकाम शिकवायला गावात आहे का कुणी? शोधायचंय.

फडताळातली वाटी काढून घासली. पेटीखाली ठेवायला निघाले होते, ठेववली नाही. पाण्याच्या हंड्यावर ठेवली आहे.

४ सप्टेंबर

वरच्या आळीत एक म्हातारी गेली. मातीला गेले होते. बायका बसल्या होत्या. रीतीप्रमाणं विषय निघाला, हिला शेवटचं पाणी कुणी घातलं. सुनेनं घातलं म्हणाले. मग एकजण माझ्याकडं वळून हळहळली, बिचाऱ्या तुझ्या अर्जुनाच्या नशिबी तेवढंही नव्हतं.

परवा फोनवर शिवांजलीला विचारलं होतं, कधी विषय निघाला तर सांगू का? मागं कुणीतरी हसत होतं, भांड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाली, "सांग, आई."

मी त्या बाईला म्हटलं, "होतं. माझ्या पोरीनं पाणी घातलं."

"तुझी पोर तर साळंत व्हती ना गं?"

"न्हाई. ती वर व्हती, बापाजवळ."

मनुबाई भिंतीशी बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. मी खाली बघितलं नाही.